शंभराच्या खाली

१

रोज दुपारी एक वाजता मी सगळ्या देशाची विचारपूस करते. असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाई फार मोठ्या पदावर दिसतात. प्रत्यक्षात मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत बसते. समोर वायरलेसचा संच, डाव्या हाताला रजिस्टर, उजव्या हाताला गार झालेला चहा. भिंतीवर देशाचा नकाशा आणि त्यावर एक्केचाळीस टाचण्या. एकेक टाचणी म्हणजे डोंगरमाथ्यावरचा एकेक टेहळणीचा मनोरा. प्रत्येक मनोऱ्यात एक माणूस. कुठे धूर दिसतो का ते बघायचं आणि एक वाजता मला चार आकडे सांगायचे, एवढं त्याचं काम. तापमान, हवेतला दमटपणा, वारा आणि काड्या.

काड्यांचं जरा नीट सांगायला हवं. प्रत्येक मनोऱ्याबाहेर तारेच्या चौकटीवर चार काड्यांची एक जुडी ठेवलेली असते, जमिनीपासून वीतभर उंच. साधं लाकूड. आम्हीच ते भट्टीत पूर्ण सुकवतो, घासूनपुसून बरोबर शंभर ग्रॅमचं करतो आणि पाठवतो. मग उघड्यावर राहून ती जुडी रानातल्या पाचोळ्यासारखीच ओल शोषते आणि सोडते. रोज तिचं वजन करायचं. एकशे बारा भरली तर रानात बारा टक्के ओल आहे, काळजी नाही. एकशे पाच म्हणजे जपून. एकशे दोनला एका ठिणगीने डोंगर पेटतो. शंभर म्हणजे लाकडात पाण्याचा टिपूसही उरला नाही. शंभराच्या खाली काही नसतं, कारण पाणी संपल्यावर उरतं ते नुसतं लाकूड.

या आकड्यांवरून मी प्रत्येक मनोऱ्याचा धोका काढते आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी नकाशात रंग भरतो. त्याला आम्ही रंगारी म्हणतो. पिवळा, नारिंगी, तांबडा, आणि सगळ्यात वर जांभळा. जांभळा झाला की मनोऱ्यावरच्या माणसाने सगळं सोडून खाली यायचं, असा नियम. तीन वाजता आमचं पत्रक बाहेर पडतं. त्या उन्हाळ्यात पत्रकाच्या पहिल्या ओळीत रोज एकशे तीस-चाळीस वणवे असायचे, त्यातले वीसेक आटोक्याबाहेर. रंगाऱ्याची तांबड्याची बाटली दर आठवड्याला संपत होती आणि तो कारकुनांशी भांडून नवी आणत होता.

सतरा नंबरच्या मनोऱ्यावर माझी धाकटी बहीण होती. नोकरी मीच लावून दिलेली. माणसांत तिचं फार जमायचं नाही आणि उंचीची तिला भीती नव्हती, म्हणजे या कामाला अगदी साजेशी. उन्हाळाभर ती डोंगरावर आणि उरलेलं वर्ष माझ्या घरी. बाकीचे चाळीस जण आकडे सांगून मोकळे होतात. मी 'लिहिलं' म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नाही हा नियम आहे, पण तो पाळतं कोण? धाकटी पाळायची. रोज शेवटी विचारायची, "लिहिलंस?" आणि मी म्हणायचे, "लिहिलं." आम्हा दोघींची दिवसभरातली भेट म्हणजे तेवढीच.

२

"ताई, सतरा बोलतेय. अडतीस, तीस, वारा शून्य. काड्या नव्व्याण्णव."

माझं पेन थांबलं. "परत सांग."

"नव्व्याण्णव. चष्मा लावून बघितलंय, आता ओरडू नकोस."

"तुझा काटा बिघडलाय."

"शंभराचं वजन ठेवून बघितलं. बरोबर शंभर दाखवतोय. काटा शहाणा आहे गं, काड्यांनाच वेड लागलंय. लिहिलंस?"

मी 'थांब' म्हटलं आणि साहेबांच्या खोलीत गेले. साहेब भले गृहस्थ, पण त्यांना रजिस्टरात न बसणारी गोष्ट दाखवली की त्यांच्या कपाळावर आठी पडते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"उन्हाने लाकूड झिजतं, बाई. उगाच का आपण दरवर्षी जुड्या बदलतो? शंभराच्या खालचा आकडा कोष्टकातच नाही. शंभर लिहा आणि नवी जुडी पाठवून द्या."

पटण्यासारखं होतं. ऊन, धूळ, किडे, एखाद-दुसरी ढलपी उडाली असेल. एका ग्रॅमचा प्रश्न. तरी बावीस वर्षांत ऐकलेला आकडा आणि लिहिलेला आकडा यांत मी कधी फरक केला नव्हता. परत येऊन मी शंभर लिहिलं.

"लिहिलंस?" ती अजून वाट बघत होती.

"लिहिलं," मी म्हटलं. काय लिहिलं ते सांगितलं नाही.

३

नवी जुडी मी स्वतः तळघरात जाऊन तोलून घेतली. शंभर, ना एक कमी ना एक जास्त. मेणकापडात गुंडाळून ती शिध्याच्या गाडीने वर पाठवली. पहिल्या दिवशी ती एकशे चार भरली, म्हणजे वाटेत रीतसर ओल घेतली होती. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी सत्त्याण्णव. तिसऱ्या दिवशी ब्याण्णव.

आठ ग्रॅम लाकूड तीन दिवसांत झिजत नाही. वाळवी म्हणावी तर चौकट तारेची. कुणी काड्या खरवडत असेल म्हणावं, तर वीस मैलांत धाकटीशिवाय माणूस नाही.

"काड्यांचं काय घेऊन बसलीस," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, थोडा झोपाळू. "ती लाकडी खुर्ची आठवते ना, जी वर चढवताना मी तुझ्या नावाने बोटं मोडली होती? काल एका बोटाने सरकली. आणि जिना वाजत नाही, ताई. एकोणसाठ पायऱ्या आहेत, पूर्वी एकेक कुरकुरायची. आता मी खाली जाऊन वर येते आणि मलाच कळत नाही मी चढले की नाही."

"पाखरं आहेत?"

"येतात. फांदीपर्यंत येतात, पाय पुढे करतात आणि न बसताच उडून जातात."

"झाडं वाळलीत का?"

"अजिबात नाही. हिरवीगार आहेत, पान न पान जागच्या जागी. वारा कुठाय? बारा दिवस झाले." मग ती म्हणाली, "आज मी एका झाडाला टेकून बसणार होते. मग नाही बसले. का कोण जाणे. लिहिलंस?"

मी शंभर लिहिलं. वारा शून्य असल्यावर काड्या कितीही कोरड्या असोत, धोका फारसा वर चढत नाही. गणितात सगळा जोर वाऱ्याचा. सतराची टाचणी नारिंगीच राहिली.

त्या दिवशी रंग भरता भरता रंगारी मधेच थांबला. "जरा इकडे या," तो म्हणाला. सतराच्या आजूबाजूला तीन मोठे वणवे चालले होते, उत्तरेला एक, पश्चिमेला दोन. रोज ते किती पुढे सरकले त्याच्या रेघा तो नकाशावर ओढायचा. तिन्ही वणवे सतराच्या डोंगरापर्यंत आले होते आणि तिथून वळले होते. एक डावीकडून गेला, दोन उजवीकडून. मधला डोंगर कोरा.

"नशीब म्हणायचं," मी म्हटलं.

"नशीब नाही," तो म्हणाला. ब्रश त्याच्या हातातच होता. "वीस वर्षं रेघा ओढतोय मी. वणवा असा वळसा एकाच जागेला घालतो. जी आधीच जळून गेलीय तिला. तिथे त्याला खायला काही नसतं ना."

"तिथे काहीही जळलेलं नाही. रान हिरवं आहे. माझी बहीण तिथे बसलीय."

"असेल, असेल," रंगारी घाईघाईने म्हणाला आणि ब्रश धुवायला निघून गेला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी सहाला उठले. वीज गेलेली, त्यामुळे पंखा बंद. बाहेरच्या धुरामुळे खिडक्या आठवडाभर लावूनच होत्या. घरात पानही हललं नसतं इतकी हवा थांबलेली.

पलंगाखालची डासांची कॉइल काढायला मी वाकले. एरवी सकाळी तिची राख ताटलीत तुकडे होऊन पडलेली असते. त्या दिवशी ती अख्खी होती. वेढ्यावर वेढा, वरच्या कंपनीच्या शिक्क्यासकट, नुसती हिरव्याची करडी झालेली. दुरून बघितलं असतं तर म्हटलं असतं, ही अजून लावलेलीच नाही.

मी बराच वेळ तिथेच बसले. ताटली उचलली तरी ती शाबूत होती. मग मी उगाच, काही गरज नसताना, तिला बोट लावलं.

आवाज झाला नाही. नुसती ताटली उरली आणि माझ्या बोटावर करडा डाग.

मी हात धुतला, चहा केला, आणि चहा पिता पिता स्वतःला चांगलं बजावलं की बाई गं, तू शिकलीसवरलेली आहेस, बावीस वर्षं आकड्यांत घालवलीस, आणि कॉइल बघून घाबरतेस. लाकूड झिजतं. खुर्च्या सुकतात. वणवे वाटेल तिथे वळतात. हे सगळं मी स्वतःशी मोठ्याने बोलले. घरात ऐकायला कुणी नव्हतं, आणि धाकटी इथे हवी असं मला फार वाटलं.

५

त्या दुपारी काड्या एक्क्याऐंशी भरल्या.

"तू खाली ये," मी म्हटलं. वायरलेसवर घरचं बोलायचं नसतं. सगळ्या एक्केचाळीस मनोऱ्यांना ऐकू जातं.

"हुकूम आला तर येईन. असंच मनोरा सोडून आले तर तुझीच मान खाली जाईल ना? आणि घाबरू नकोस, मला काही होत नाहीये. भूक नाही, तहान नाही, गुडघा दुखायचा तोसुद्धा थांबला. धाप लागत नाही. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं, ताई."

तिचं हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझं ठरलं.

पेन घेतलं आणि सतराच्या ओळीत मी लिहिलं: तापमान त्रेचाळीस, दमटपणा नऊ, काड्या शंभर, वारा बेचाळीस. दिशेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. मनात आली ती दिशा लिहिली, पश्चिम. धोका काढला. जांभळा आला. कागद रंगाऱ्याकडे सरकवला. त्याने तो वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि जांभळ्याची बाटली उघडली. वर्षभर ती उघडली नव्हती, झाकण घट्ट बसलं होतं.

साहेबांनी सही केली. जांभळ्यावर प्रश्न विचारायचे नसतात.

"सतरा, मनोरा सोडा," मी वायरलेसवर सांगितलं. "गाडी निघते आहे."

ती म्हणाली, "ताई, इथे वारा नाहीये."

"मी लिहिलाय."

"किती?"

"बेचाळीस."

"कुठून?"

"पश्चिमेकडून."

"म्हणजे आमच्याकडून तुझ्याकडे." ती हसली असावी. "बरं. लिहिलं आहेस ना, मग येईल."

६

आमच्या ड्रायव्हरला सगळे सुसाट म्हणतात. डोंगराची वाट तो अडीच तासांत कापतो आणि वर त्याची फुशारकी मारतो. त्या दिवशी त्याला आठ तास लागले. गाडी आमच्या गल्लीत शिरली ती चालत्या माणसाच्या वेगाने, सगळ्या काचा वर.

तो आधी उतरला आणि माझ्यापाशी आला. घामाने भिजला होता. तळवे पँटला पुसत होता, पुसून झाले तरी परत पुसत होता.

"सामान कुठाय?" मी विचारलं.

"नाही आणलं."

"का हो?"

"ताईंची पेटी उचलायला गेलो. हात लावला." त्याने तळवे बघितले. "आणि पेटी नव्हती."

"म्हणजे काय? पेटी होती की नव्हती?"

"होती. मग नव्हती." साठीला आलेला माणूस, पण डोळे लहान मुलासारखे झाले होते. "मग त्या म्हणाल्या, काका, मला हात देऊ नका, माझी मी चढते. आणि काचा लावून घ्या. आणि खड्डे चुकवा. बाई, मी आयुष्यात इतके खड्डे चुकवले नाहीत."

गाडीचं दार उघडून धाकटी उतरली. तीच ती. निळा सदरा, विस्कटलेली वेणी, नाकावर घसरलेला चष्मा. रंग जरा उतरला होता, पण उन्हाळ्याच्या शेवटी तो उतरतोच. मी पुढे झाले आणि तिने हात वर केला, वाहतूक थांबवतात तसा.

"आत्ता नको, ताई. आधी वर जाऊ."

आमच्या जिन्याची तिसरी पायरी कुणालाही सोडत नाही. दूधवाला, पोस्टमन, शेजारची मांजर, सगळ्यांच्या पायाखाली ती करकरते. मी वरच्या खोलीत बसूनही सांगू शकते कोण आलं ते. धाकटी माझ्या पुढे होती. एक, दोन, तीन, चार. मी कान देऊन ऐकत होते. ती वर पोचली आणि वळून माझी वाट बघत उभी राहिली. मग मी चढले, आणि माझ्या पायाखाली पायरी अशी ओरडली की दोघींनाही हसू आलं.

७

तीन दिवस चांगले गेले. खोटं कशाला बोलू, खूप चांगले गेले. ती खिडकीपासून लांब, भिंतीजवळच्या खुर्चीत बसून राहायची आणि ऑफिसातून आले की मी समोर. शाळेतल्या बाईंच्या नकला, आईचं रागावणं, मी हिच्या वाटणीचा खाऊ लाटायचे ते, सगळं निघालं. ती जेवत नव्हती, पाणीसुद्धा नको म्हणायची. झोपत होती की नाही माहीत नाही. मी सकाळी उठायचे तेव्हा ती त्याच खुर्चीत तशीच असायची आणि म्हणायची, "झाली का झोप? घोरतेस अजून."

"डॉक्टरांना बोलावते," मी म्हटलं.

"नको. ते आधी नाडी बघतील."

लहानपणी ती माझ्या मांडीवर झोपायची. थोराड झाली तरी झोपायची, माझा पाय मुंग्या येऊन बधिर व्हायचा आणि मी हलायचे नाही. त्या तीन दिवसांत मला तिला जवळ घ्यावंसं इतकं वाटत होतं की मी हात पाठीमागे धरून घरात फिरत होते. एकदा विचारलंच, "जवळ येऊ?"

"नंतर," ती म्हणाली. अगदी मायेने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने चष्मा वर सरकवायला डावा हात उचलला. चष्मा वर सरकला, हात परत टेबलावर आला. मी बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. करंगळी जिथे संपायची त्याच्या थोडी अलीकडेच संपली होती. टेबलावर चिमूटभर करडं काहीतरी होतं. तिने ते बघितलं होतं की नाही, मी विचारलं नाही. मी रोज टेबल पुसते. त्या दिवशी पुसलं नाही.

ऑफिसात सतराची टाचणी आता गप्प होती, तिच्या ओळीत मी आडवी रेघ मारत होते. धाकटी खाली आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सोळा नंबर म्हणाला, "वारा सुटलाय बाई. पश्चिमेकडून, बेचाळीस." त्याच्या पुढच्या दिवशी सोळा शांत झाला आणि बारा म्हणाला, "बेचाळीस." सोळानंतर बारा, बारानंतर नऊ. तिन्ही टाचण्या एका सरळ रेषेत होत्या आणि ती रेषा आमच्या शहराकडे येत होती.

"याला दुसरा आकडा येतच नाही वाटतं," रंगारी म्हणाला. हसण्यासाठी म्हणाला, पण हसला नाही.

हंगामात वारे सुटतातच. पश्चिमेकडून सुटतात, पूर्वेकडे जातात. बेचाळीस हा काही जगावेगळा आकडा नाही. मी हे सगळं मनात म्हटलं आणि शनिवारचं पत्रक लिहायला घेतलं. त्यात शहराचा अंदाज असतो. साहेबांनी वरून विचारलं, "शहरात कधीपर्यंत?"

"उद्या," मी म्हटलं. "दुपारी एकच्या सुमारास."

८

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. बावीस वर्षांत एक वाजता मी खुर्चीत नाही असं पहिल्यांदाच झालं. रंगाऱ्याला निरोप दिला की आकडे तू घे, आणि त्याने कारण विचारलं नाही.

सकाळपासून मी घर लावत होते. खिडक्या बंद, वर चिकटपट्टी. दाराच्या फटीत ओल्या चादरी. नळाच्या मोरीवर पाट, त्यावर वरवंटा. न्हाणीघरातल्या झरोक्यात उशी कोंबली. धाकटी खुर्चीतून सूचना देत होती. "ती वरची फट राहिली बघ. ताई, तुझं लग्नघर सजवतेस का?" मी रागाने वळले आणि तिचा चेहरा बघून माझा राग गेला. ती घाबरली नव्हती. माझ्यासाठी हसत होती.

"तू मला आणायला नको होतंस का?" तिने विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हटलं. "तिथे वारा नव्हता. तिथे राहिली असतीस."

"एकटी."

"हो."

"मग आणलंस ते बरं केलंस," ती म्हणाली.

साडेबाराला गल्लीच्या टोकाशी कुणाचा तरी पत्रा वाजला. नंतर समोरच्या घराची खिडकी एकदा आपटली, पुन्हा आपटली, आणि कुणीतरी धावत जाऊन ती लावली. वाळत घातलेले कपडे गोळा करायला बायका एकमेकींना हाका मारत होत्या. मग त्या हाकाही बुडाल्या. आमच्या खोलीत मात्र काही हललं नाही. दारावर कुणीतरी खांदा लावून रेटतंय असं लाकूड दाबलं जात होतं, पण फटी पक्क्या होत्या. मी एकेक बघून आले.

मी तिच्यासमोर टेबलाशी बसले. दोघींच्या मधे वीतभर अंतर. तिचे हात मांडीवर, माझे टेबलावर.

"एक वाजला," ती म्हणाली. "चल, आकडे घे."

"काहीतरीच काय."

"घे ना. सवय आहे गं. त्याशिवाय दिवस गेल्यासारखा वाटत नाही."

मी किराण्याच्या यादीचा कागद ओढला, उलटा केला, पेन शोधलं. तिने घसा साफ केला आणि वायरलेसवर बोलायची तशीच बोलली.

"सतरा बोलतेय. तापमान, बरं आहे. दमटपणा, ताईच्या डोळ्यांत थोडा. काड्या..." ती थांबली. "काड्या राहू दे. वारा काय लिहितेस?"

बाहेर काहीतरी मोठं मोडलं. बहुतेक कोपऱ्यावरचं झाड.

"शून्य," मी म्हटलं.

"लिहिलंस?"

मी लिहिलं. गोल, नीट, दोनदा गिरवून. मग वर बघून म्हटलं, "लिहिलं."

ती हसली आणि डोळे मिटून घेतले. न्हाणीघरात उशी पडल्याचा मऊ आवाज आला. पाठोपाठ टेबलावरच्या कागदाचा एक कोपरा हळूच उचलला गेला.

मी त्यावर हात ठेवला. हात ठेवता येईल असं तेवढंच होतं.